लाडू आणि सुई

उधन्यात पोटासाठी आलेल्या आपल्या खानदेशी मंडळींच्या खोलीत फ्रिज असतोच असे नाही. इन्सुलिनची बाटली माठाच्या गारव्याला ठेवतात. अशाच एका घरी नातवाला रोज टोचलेले आजीला पाहवत नाही. "पोऱ्याले कितलं टोचशी?" म्हणत ती सुनेचा हात धरते, चोरून लाडू देते. बाप लूमच्या रात्रपाळीला. त्याला मौनच सोयीचे!

आजीची माया खोटी नव्हे. पण १९२२ पूर्वी, इन्सुलिन नव्हते तेव्हा, अशी मुले मायेच्या मांडीवरच जात. लाडू एकवेळ निस्तरता येतो, थांबवलेली सुई नाही. म्हणून सुईपुरते आईचेच चालावे. मात्र सुनेने सासूला कधी नीट समजावले नाही, हेही खरे. पोर तेवढे दोघींशी खोटे बोलायला शिकले.

परवा माठातले पाणी आजीने बदलले.