झीज आणि ढासळणे

कॅलिफोर्नियाच्या किनारी कड्यांवर घरे बांधू द्यावीत की नाहीत, हा वाद हल्ली दोन घोषणांत उरकला जातो. एक पक्ष मालमत्तेच्या हक्काचा जप करतो, दुसरा समुद्राच्या वाढत्या पातळीचा. कडा प्रत्यक्षात तुटतो कसा, याच्या खोलात जायला दोघांनाही सवड नाही. २ ऑगस्ट २०१९ रोजी एन्सिनिटासच्या ग्रँडव्ह्यू किनाऱ्यावर भर दुपारी कड्याचा एक भाग कोसळला आणि खाली वाळूत बसलेल्या एकाच कुटुंबातल्या तिघीजणी गेल्या. वादळ नव्हते, दिवस उन्हाळ्याचे होते. इथल्या कड्यांचा पायथा तुलनेने टणक वालुकाश्माचा असतो, तर वरचे थर सैल वाळूचे. लाटा पायथा पोखरतात, बागांचे पाणी मुरून वरचे थर कमकुवत होतात आणि वर्षानुवर्षे तग धरलेला भाग क्षणात खाली येतो.

१९७६ च्या कोस्टल अ‍ॅक्टने किनाऱ्याचे नियम आखण्याचे काम शहरांवर सोपवले आणि त्यांवर राज्याच्या किनारा आयोगाची देखरेख ठेवली. नवे बांधकाम स्थिर जागीच व्हावे, त्याला पुढे संरक्षक भिंतीची गरज पडू नये, ही त्यातली गाभ्याची अट. एन्सिनिटासने कड्याच्या धारेपासून किमान ४० फूट अंतर ठरवले. पुढे हे ‘किमान’च पुरेसे मानले जाऊ लागले.

याच शहरातल्या एका दुमजली घराला नगरपालिकेने ४० फुटांवर परवानगी दिली. आयोगाने ६० ते ६२ फूट मागितले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने अंतराच्या मुद्द्यावर आयोगाचे म्हणणे मान्य केले. आयोगाचे गणित असे: आज कडा धरून ठेवणारे बल त्याला घसरवणाऱ्या बलाच्या १.५ पट धारेपासून किती आत गेल्यावर होते ते अंतर, अधिक घराच्या ७५ वर्षांच्या आयुष्यात कडा जितका मागे सरकेल ते अंतर. म्हणजे बेरीज.

या बेरजेवर घेतला जाणारा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. झिजेचा सरासरी वेग जुन्या हवाई छायाचित्रांवरून काढतात. त्या काळात कोसळलेले तुकडेही त्या सरासरीत आलेलेच असतात. मग ढासळण्यासाठी वेगळे अंतर कशाला? एकच धोका दोनदा मोजला जातो, दोहोंपैकी मोठा आकडा घ्या आणि थांबा.

उदाहरणादाखल, स्थिरतेसाठी आज ४० फूट लागतात आणि कडा वर्षाला चार इंच झिजतो असे धरू. ७५ वर्षांत २५ फूट जातील. मोठा आकडा घेऊन घर ४० फुटांवर बांधले, तर अखेरीस घर आणि धार यांच्यात १५ फूट उरतील. ज्या आक्षेपकाला पहिल्या दिवशी ४० फुटांची खात्री हवी आहे, त्याला शेवटच्या दिवशी १५ का पुरावेत? या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही. सरासरी सांगते ती धार कुठवर येईल एवढेच. तिथे पोचल्यावर पुढचा तुकडा केवढा सुटेल, हे ती सांगत नाही. जिथे वरचा उतार आधीच ढासळून स्थिरावला आहे तिथे पहिला आकडा लहान असेल, हे मान्य. पण लहान असला तरी तो बेरजेतून गळत नाही.

या बेरजेऐवजी सगळी वस्तीच मागे हटवा, हा सल्ला भरल्या घरांच्या शहरात अमलात येणारा नाही. भिंती बांधत सुटणेही व्यर्थ, कारण भिंतीमागे कडा थिजतो, समुद्र पुढे सरकत राहतो आणि मधली वाळू आक्रसते.

आपल्या कोकणात झीज आणि ढासळणे हा भेद अजून चर्चेतही नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांतले बांधकामबंदीचे अंतर भरतीरेषेपासून मोजतात आणि २०१९ च्या अधिसूचनेनंतर दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ते २०० ऐवजी ५० मीटर झाले. सगळी भांडणे या मीटरांवर झाली. जांभ्याच्या कड्यावर मात्र भरतीरेषा पायथ्याशी असते आणि घर माथ्यावर उभे राहते.

एन्सिनिटाससारख्या शहरांनी ही बेरीज आपल्याच नियमावलीत स्पष्ट लिहायला हवी आणि परवानगीच्या अर्जातच दोन्ही आकडे वेगवेगळे मागायला हवेत. तसे झाले तर घरमालकाला नकाशा काढण्याआधीच कळेल की आपल्या भूखंडावर घर बसते की नाही. आज ते त्याला वास्तुरचनाकाराचे पैसे मोजून झाल्यावर, आयोगापुढच्या सुनावणीत कळते.