स्वप्नाचा खर्च

धामणगाव रेल्वेसारख्या गावात स्वप्नांची वाण नाही. बारावी झालेला प्रत्येक पोरगा मनात काही ना काही बाळगून असतो. आम्ही मोठी माणसे त्याला सांगतो, ‘मेहनत कर, बाकी अल्लाच्या हाती.’ सल्ला खोटा नाही, अपुरा आहे. मेहनतीची ती वर्षे कोणाच्या कमाईवर काढायची, हे आम्ही सांगत नाही.

2016 साली जालना जिल्ह्यातील अन्सार शेख यांनी पहिल्याच प्रयत्नात संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत 361वा क्रमांक मिळवला. वय अवघे 21, वडील रिक्षाचालक. मोहल्ल्यामोहल्ल्यांत त्यांचा दाखला दिला जातो, आणि द्यावाच. पण त्यातून धाकटा भाऊ गळतो. तो शाळा सोडून गॅरेजमध्ये लागला, त्या कमाईवर घराला आणि थोरल्याच्या शिक्षणाला आधार मिळाला. हे खुद्द अन्सार यांनीच सांगितले आहे.

नियोजन नियोजन म्हणतात ते हेच. किती वर्षे, किती रुपये, कमावणार कोण, आणि जमले नाही तर पुढे काय, हे घराने एकत्र बसून ठरवायचे. पण कोवळ्या वयातल्या पोराने दिलेला होकार हा होकार मानायचा का? त्याचेही काही स्वप्न असेलच की! आम्हांला वाटते, थोरला कमावता झाल्यावर धाकट्याला काय परत करणार, तेही त्याच वहीत आधी लिहावे. बहिणीपुढचा रकाना तर बहुतेक घरांत कोराच असतो.