ओढ ज्याची त्याची, लक्ष्य एकच



पापासाठी इब्री भाषेत जे शब्द आहेत, त्यांपैकी सर्वांत प्रचलित शब्दाच्या धातूचा एक अर्थ ‘नेम चुकणे’ असा आहे. बन्यामिनी गोफणदार केसावर नेम धरूनही चुकत नसत, हे शास्ते २०:१६ मध्ये सांगताना हाच धातू आला आहे. भाषांतराच्या मेजावर हा शब्द मी असंख्य वेळा हाताळला. परंतु नेम चुकतो तो लक्ष्यापाशी की नेम धरणाऱ्यापाशी, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

धनुर्विद्येत शिष्याला लक्ष्यासमोर उभे करण्यापूर्वी त्याचे माप घेतात. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधील अंतर मोजायचे व त्याला अडीचने भागायचे. अंतर ७० इंच असेल तर ओढीची लांबी सुमारे २८ इंच येते. हा केवळ प्रारंभीचा अंदाज. खरे माप धनुष्य ओढलेल्या शरीराकडे पाहूनच ठरते. ओढ प्रमाणाबाहेर लांब असली तर देह मागे झुकतो व खांदा उचलला जातो. आखूड असली तर पाठीच्या स्नायूंचे बळ लागत नाही. म्हणून दुसऱ्याची ओढ, ती कितीही निष्णात धनुर्धराची असो, आपल्या उपयोगाची नसते. शौलाची शस्त्रसामग्री अंगावर चढवून दाविदाला चालता येईना, ते याच कारणाने.

जम्मू-काश्मीरच्या शीतलदेवी यांना जन्मतः हात नाहीत. त्या पायाने धनुष्य धरतात, खांद्याच्या बळावर ते ओढतात व जबड्याच्या साहाय्याने बाण सोडतात. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिक स्पर्धेत राकेशकुमार यांच्यासह त्यांनी कांस्यपदक मिळवले. हात पसरून मोजण्याचे सूत्र त्यांना लागूच पडत नाही. लक्ष्य मात्र त्यांच्यासाठी मोठे केलेले नव्हते.

हे लिहिताना मला एक जुनी गोष्ट आठवते. आमच्या कामात एक तरुण सहकारी होता. पहाटेच्या प्रार्थनेस तो क्वचितच येई. मी स्वतः ती कधी चुकवत नसे. म्हणून एके दिवशी सर्वांसमक्ष मी त्याला शिथिल म्हटले. तो काही बोलला नाही. काही दिवसांनी त्याने काम सोडले. पुढे समजले, की अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची शुश्रूषा तो रात्र-रात्र जागून करीत असे. माझ्या ओढीचे माप मी त्याच्या खांद्यावर ठेवले होते. मी पत्र लिहून क्षमा मागितली. परंतु तो परतला नाही.

मग तुम्ही विचाराल, ज्याचे माप त्याने ठरवायचे, तर सत्य-असत्य हेही ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडायचे काय? येथे दुसरी बाब येते. प्रत्यंचा ओढून हात चेहऱ्यावर ज्या एका ठिकाणी टेकवतात, त्याला ‘अँकर पॉइंट’ म्हणतात. ऑलिम्पिक पद्धतीत हात जबड्याखाली टेकतो व दोरी हनुवटीला आणि नाकाला स्पर्श करते. हे स्थान प्रत्येक बाणाला तेच असावे लागते. ७० सेंटिमीटर लांबीच्या बाणाचे मागचे टोक अवघा १ मिलिमीटर हलले, तर साध्या भूमितीने ७० मीटरवर १० सेंटिमीटरांचे अंतर पडते. आणि तेथील दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे मध्यापासून जेमतेम ६ सेंटिमीटर!

सदसद्विवेकबुद्धी ही आपली अशी टेकण्याची जागा आहे. तिच्यात सातत्य हवे. पण केवळ सातत्य पुरत नाही. एखाद्याचे सर्व बाण एकाच ठिकाणी, पण लक्ष्याच्या डावीकडे, नीट दाटीने लागू शकतात. मीही त्या पहाटे पूर्णपणे प्रामाणिक होतो, रोजच्यासारखाच नियमित होतो, आणि चुकत होतो. स्वतःचे मन दोष देत नसले तरी तेवढ्याने आपण निर्दोष ठरत नाही, असे पौल १ करिंथ ४:४ मध्ये म्हणतो ते याचसाठी. धनुर्धराला आपली चूक केवळ चेहऱ्यावरील स्पर्शावरून कळत नाही. त्याला लक्ष्यापर्यंत चालत जाऊन बाण कोठे रुतले हे पाहावे लागते.

‘अँकर’ हा मूळचा नांगराचा शब्द. इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे, आणि तो पडद्याच्या आत, आपल्याबाहेर पोहोचलेला आहे. आपल्या चेहऱ्यावरची जागा आपण जपावी. पण ती योग्य आहे की नाही, याचा निवाडा तिच्याकडेच सोपवू नये.

तेव्हा वाचकहो, बंधूची ओढ आखूड वाटली, तर बोलण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन यावे. मी गेलो नाही. आणि आपले बाण नित्य एकाच जागी पडत आहेत याचे समाधान वाटू लागले, तर एकदा लक्ष्यापर्यंत चालत जावे.