झेपणार नाही असं काम हाती घ्यावं का?



मागच्या महिन्यात कुटुंब-गटांतून जे प्रश्न आले, त्यांतला एक मी मुद्दाम बाजूला ठेवला होता. दोन ओळींत उरकण्यासारखा तो नव्हता. एका ताईंनी लिहिलं होतं, "मुलगा नोकरी नीट करतो, व्यसन नाही, पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जुन्या व्हिडिओ गेमसाठी कसलंसं सॉफ्टवेअर बनवत बसतो. चार वर्षं झाली. पुरं होत नाही आणि हा सोडतही नाही. याला चिकाटी म्हणायचं की हट्ट?"

हसण्यावारी नेऊ नका. आमच्याच घरात असा एक आहे. माझ्या नणंदेचा मुलगा, पुण्यात असतो. त्यामुळे हे प्रकरण मला थोडंफार कळतं. त्यानेच चहा-पोह्यांच्या बदल्यात चार बैठकांत मला ते समजावून दिलं.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले होते, आठवतात ना? कॅसेट खोचायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. मारिओ, कॉन्ट्रा. सुट्टीत मुलं टीव्हीसमोरून हलायची नाहीत आणि आपल्या मालिका बुडायच्या. ते बहुतेक सगळे डबे म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. त्या यंत्राची कामाची मेमरी किती? दोन किलोबाईट. मी आत्ता लिहितेय तो लेख त्यात ठेवायला घेतला, तर पहिले दोन परिच्छेद झाले की भांडं भरलं! १९८५ साली आलेला सुपर मारिओ हा अख्खा खेळ ४० किलोबाईटचा होता. आपल्या गटात रोज सकाळी येणारं सुप्रभातचं एक चित्र त्याहून मोठं असतं.

एवढ्याशा जागेत संसार कसा केला असेल बघा. मारिओमधला ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र आहे, नुसता रंग बदललेला. मला हे कळलं तेव्हा जुन्या साडीच्या शिवलेल्या उशांच्या खोळी आठवल्या. पडद्यावर एका आडव्या रेषेत आठच हलती चित्रं दिसू शकतात, नववं आलं की ते गायब. म्हणून जुन्या खेळांत शत्रू जास्त झाले की ते लुकलुकायचे. बिघाड नव्हता तो, आळीपाळीने दाखवण्याची युक्ती होती. आणि त्यातल्या चिपला गुणाकार येत नाही. बेरजा करकरून तो करवून घ्यावा लागतो.

आता या मुलांचं स्वप्न काय, तर ज्याला प्रोग्रामिंगचा गंधही नाही अशा कुणीही नुसती चित्रं काढावीत, इथे उडी, तिथे नाणं असं ठरवावं, बटण दाबावं, आणि त्या जुन्या यंत्रावर खरोखर चालणारा खेळ तयार व्हावा.

ऐकायला सोपं वाटतं. पण एक खेळ बनवणं आणि खेळ बनवायचं साधन बनवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या भाषेत सांगते. एक खेळ बनवणं म्हणजे पुरणपोळी करणं. अवघड आहे, पण काय करायचंय ते आपल्याला ठाऊक असतं. साधन बनवणं म्हणजे असं स्वयंपाकघर रचणं, की कुणीही अनोळखी माणसाने आत यावं, त्याच्या मनात येईल तो पदार्थ करावा, आणि तो बिघडू नये. शेगडी एकच आणि ओटा वीतभर! यंत्र सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवतं. तेवढ्या क्षणात बटण कोणतं दाबलं ते बघायचं, पात्र हलवायचं, कोण कुणाला धडकलं ते मोजायचं, संगीत वाजवायचं. स्वतःच्या खेळापुरता हा हिशेब बसवता येतो. दुसऱ्याच्या डोक्यातल्या, अजून जन्मालाही न आलेल्या खेळासाठी तो आधीच बसवून ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही. खुद्द निन्टेन्डोने १९८४ मध्ये शार्प आणि हडसन या कंपन्यांबरोबर फॅमिली बेसिक नावाचा कीबोर्डसह संच काढला. त्यातसुद्धा माणसाला स्वतःचा प्रोग्राम लिहायला जेमतेम दोन किलोबाईट जागा होती.

म्हणूनच जगभर अशा हौशी कामांचं एक ठरलेलं चित्र दिसतं. आधी नाव ठरतं, मग बोधचिन्ह. मग काय काय असेल याची लांबलचक यादी. फॅमिकॉमही, सेगाही, गेम बॉयही, सगळं एकाच साधनात. मग "संगीत करणारा हवा, चित्रकार हवा" अशी हाक. मग काही महिने उत्साह, आणि मग सामसूम. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे, आरंभशूर.

पण तो शब्द वापरून ताईंचा प्रश्न मी निकालात काढणार नाही, कारण काहींनी ही कामं तडीस नेली आहेत. अमेरिकेतल्या जो ग्रॅनाटो यांनी लहानपणी, १९८८ मध्ये, मित्रांबरोबर कागदावर एका खेळाची कल्पना रंगवली होती. मोठेपणी तो खेळ खऱ्या यंत्रासाठी करायला घेतला, आणि तो करताना स्वतःच्या सोयीसाठी जे साधन घडलं, ते २०१८ मध्ये एनईएसमेकर नावाने लोकांपुढे ठेवलं. ख्रिस मॉल्टबी यांचं जीबी स्टुडिओ २०१९ मध्ये आलं. गेम बॉयसाठी खेळ करायचं ते साधन फुकट आहे, आणि त्याची आतली सगळी रचना कुणालाही बघायला खुली आहे. सुरुवातीला त्यात वरून पाहिल्यासारखे दिसणारे, गावातून चालत फिरायचे खेळच करता येत. मारिओसारखे उड्यांचे खेळ पुढच्या आवृत्तीत आले. म्हणजे आधी थोडं, पण चालणारं. भाचा म्हणतो, "मामी, त्यांनी कमी कबूल केलं म्हणून ते सुटले." मला ते पटतं, पण अर्धंच. कारण स्वप्न त्यांचंही लहान नव्हतं.

इथे भोपाळात राहणाऱ्यांना अर्धवट राहिलेल्या मोठ्या कामासाठी फार लांब जायला नको. भोजपूर. तीसेक किलोमीटरवर, बेतवेच्या काठी. अकराव्या शतकात परमार राजा भोजाने आरंभलेलं हे शिवमंदिर. लिंगच साडेसात फूट उंच, घेर अठरा फुटांच्या आसपास, आणि चाळीस फुटी खांब. शिखर झालंच नाही. मागच्या बाजूला दगड वर चढवण्यासाठी केलेला मातीचा उतार अजून तसाच पडून आहे. आपण शिवरात्रीला गर्दीत दर्शन घेतो आणि परततो. पण आजूबाजूच्या कातळावर जाऊन बघा. मंदिराचे नकाशे तिथे खडकावर कोरलेले आहेत. खांब कसा, शिखर कसं, घडी कशी, सगळ्या रेघा. दगडांवर पाथरवटांच्या खुणा आहेत, हजाराहून जास्त. कुणी किती काम केलं ते समजावं म्हणून.

मी तिथे कितीदा तरी गेले असेन. ते मंदिर बघून "राजाची फजिती झाली" असं कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. पूजा चालू आहे. २००६-०७ मध्ये पुरातत्त्व खात्याने डागडुजी केली, तेव्हा नऊशे वर्षांनंतरच्या माणसांनाही मूळ हेतू वाचता आला, कारण तो दगडावर उघडा ठेवलेला होता. अर्धवट राहणं हा काही अपराध नाही. आयुष्य संपतं, राज्य जातं, पुण्यात लग्न होऊन मूल झालं की रात्री दोनपर्यंत जागता येत नाही. पण मागे काय ठेवलं हे मात्र माणसाच्या हातात असतं.

गंमत अशी की त्याच भोजराजाच्या नावावर समराङ्गणसूत्रधार हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे, आणि त्यात यंत्रांवर एक अध्याय आहे. लाकडाचा उडणारा पक्षी, आपोआप हलणारे द्वारपाल. आणि ते बनवायचे कसे? तर ग्रंथ म्हणतो की कृती गुप्ततेसाठी सांगितलेली नाही, अज्ञानामुळे नव्हे! मोठ्या लोकांचा आदर ठेवूनही मला यावर हसू आलं. आजही "काम जवळजवळ झालंय, पण एवढ्यात दाखवत नाही" म्हणणाऱ्यांची जात तीच. एकाच राजाच्या खाती दोन्ही नमुने. उघडा कातळ आणि झाकलेली कृती. कातळ लोकांच्या उपयोगी पडला. पक्षी काही उडाला नाही.

आता पैशाचं. इथे मी थोडी कडक आहे.

आमच्या भाच्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी कामाला हात घालण्याआधीच मोठी घोषणा केली होती. साधनाचं नाव, झकास चित्र, यादी, शिवाय मराठी-हिंदीत सूचना. आमच्या नातेवाईकांच्या गटात टाळ्यांचा पाऊस पडला. ओळखीपाळखीच्या लोकांनी कौतुकाने पाचशे-पाचशे रुपये पाठवले. सातआठ महिन्यांत दोन मित्र गळले. मग याचे संदेश थांबले. इंदूरच्या काकांनी गटात विचारलं, "त्या गेमचं काय झालं रे?" त्याने ते वाचलं आणि उत्तर दिलं नाही. त्या वर्षी तो गणपतीला आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. पाचशे रुपये कुणाला जड नव्हते हो, पण पोरगं घरच्यांना तोंड चुकवायला लागलं. नणंद रडायची. काम अडलं याचं मला काही वाटलं नाही, ते गप्प बसणं वाईट.

काही जण अशा वेळी गीतेचा आधार घेतात. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितलंय की या मार्गात केलेला आरंभ वाया जात नाही. खरंच आहे. पण ते कर्मयोगाबद्दल आहे. तो लाभ करणाऱ्याच्या खात्यात जमा होतो. शेजाऱ्याकडून घेतलेला शब्द आणि रुपया हे वेगळं खातं आहे, आणि ते असं आपोआप मिटत नाही.

याचा अर्थ आधी पैसे घेऊच नयेत असा आहे का? तसंही नाही. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचं उदाहरण बघा. मराठीत ज्ञानकोश करायचा म्हणून नागपुरात काम सुरू केलं, मंडळी काढली, लोकांचं भांडवल घेतलं, वर्गणीदार मिळवले. त्या काळी हा वेडेपणाच वाटला असणार. पण १९२०पासून खंड बाहेर पडू लागले आणि एकूण २३ झाले. वर्गणीदाराच्या हातात एकामागून एक पुस्तक पडत होतं. संकल्प केवढा, यापेक्षा समोरच्याच्या हातात काय पडतंय, हे मला महत्त्वाचं वाटतं. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण खरी, पण ती दुसऱ्याचं अंथरूण ओढताना जास्त लागू पडते. स्वतःच्या अंथरुणाबाहेर पाय काढून कुणी कुडकुडत असेल, तर कुडकुडू दे की. हौसेला मोल नसतं.

म्हणून ताई, मुलाला "कधी पुरं होणार?" असं विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही. "आज काय चालतंय ते दाखव" म्हणा. पडद्यावर एक ठिपका जरी उड्या मारताना दिसला, तरी बसून बघा, कंटाळा आला तरी. आणि हळूच एवढं विचारा, की यासाठी कुणाकडून काही घेतलंयस का, कुणी वाट बघतंय का. घेतलं नसेल तर चार वर्षं काय, दहा वर्षं करू दे. तब्येत आणि झोप तेवढी सांभाळायला सांगा.

आमच्या भाच्याने शेवटी गेल्या दिवाळीच्या आधी गटात एक संदेश टाकला. त्यात काय होतं, काय झालं नाही, कोण सोडून गेलं, सगळं सरळ लिहिलं. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी कळवा, असंही. साधनातला फक्त चित्रांचे तुकडे रंगवायचा भाग चालतो. तेवढा त्याने वापरायच्या सूचनांसकट सर्वांसाठी खुला करून ठेवला. बहुतेकांनी "राहू दे रे" म्हटलं. इंदूरच्या काकांनी पाचशे रुपये मागून घेतले, आणि त्यावरून आमच्याकडे दोन दिवस कुजबुज झाली. मला विचाराल तर काकांनी बरोबर केलं. पैसे परत घेतल्यामुळे त्यांच्यासमोर तरी पोराला मान वर करून बसता आलं. दिवाळीला तो आला होता. खेळ अजून झालेला नाही.

— एक सेवेकरी, भोपाळ