उतारवयाचे मोल

घरातल्या उंदराची मादी जेमतेम २० दिवस गर्भ वाहते, एका वेळी पाच-सहा पिले देते, आणि ती पिले दोन महिन्यांची होण्याआधीच स्वतः विऊ शकतात. आफ्रिकेतील हत्तीण २२ महिने गर्भ वाहते, बहुधा एकच पिलू देते आणि पुढच्यासाठी चार-पाच वर्षे थांबते. एकीची भिस्त संख्येवर, दुसरीची संगोपनावर. शरीराची शक्ती मर्यादित. ती वाढीसाठी, संततीसाठी की स्वतःच्या रक्षणासाठी वेचावी, याचा हिशेब प्रत्येक जातीत निराळा आहे. ऑस्ट्रेलियातील अँटेकायनस या उंदरासारख्या शिशुधान प्राण्यात तो फार निष्ठुर आहे. एका समागमकाळानंतर, वर्षाचे होण्याच्या सुमारास, त्याचे सारे नर मरून जातात.

मग संतती संपली की जीवनाचे प्रयोजनही संपले काय?

मनुष्याखेरीज मोजक्याच सस्तन जातींत मादी प्रजनन थांबल्यावरही दीर्घकाळ जगते. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतचा ओर्का हा त्यांपैकी एक. त्याची मादी चाळिशीच्या सुमारास विणे थांबवते. पण काही माद्या ऐंशीपर्यंतही जगतात. सॅमन मासे दुर्मीळ होतात त्या वर्षी कळपापुढे विशेषकरून याच वृद्धा चालतात, असे २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. आजी गेल्यावर पुढील दोन वर्षांत नातवंडांच्या मृत्यूचा धोका वाढतो, हे २०१९ मधील अभ्यासात आढळले.

वाचून मन सुखावते. तथापि येथे सावध राहिले पाहिजे. ओर्कावरून वृद्धांच्या सन्मानाचा नियम काढायचा, तर अँटेकायनसवरून त्यांना निरोप देण्याचाही नियम निघेल. जे आहे त्यातून जे असावे ते आपोआप निघत नाही. शिवाय ओर्काची आजी मोलाची ठरते ती उपयोगी पडते म्हणून. हाच निकष आपण स्वीकारला, तर अंथरुणाला खिळलेली, नातवाचे नावही विसरलेली आपल्या घरातली आजी पुन्हा हिशेबाबाहेर पडते.

जीवनाचे माप अपत्यसंख्येइतके अरुंद नाही, एवढे सृष्टी आपल्याला दाखवते. पुढची पायरी मात्र मनुष्यालाच चढायची आहे. जिच्याकडून आता काहीच मिळायचे नाही, तिच्या उशाशी बसून तिला पाणी पाजणे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. म्हणूनच ते कर्तव्य आहे.