कुणालाच त्रास नाही

गडावर ब्लूटूथ स्पीकर लावणाऱ्यांचा मला राग येतो. राजगडाच्या पद्मावती माचीवर अशा एका ग्रुपशी मी भांडलोही आहे. तेव्हा माझ्या स्वतःच्या कानात इअरबड्स होते. म्हणजे गाणी मलाही हवीच होती, फक्त ती दुसऱ्या कुणाला ऐकू जात नव्हती. यात मला काही विसंगत वाटलं नाही. आपल्या आवाजाचा दुसऱ्याला त्रास होऊ नये, एवढं एकच कलम माझ्या नीतिशास्त्रात होतं आणि ते मी काटेकोर पाळत होतो.

मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका मित्राबरोबर राजगड ते तोरणा केला. संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने उतरायचं, डोंगरधार धरायची, मधल्या खिंडीत डांबरी रस्ता ओलांडायचा आणि शेवटी बुधला माचीवरून तोरण्यात शिरायचं. अंतर फार नाही, पण चढउतार दिवस खातात. दुपारनंतर आमचं बोलणं संपलं आणि मी प्लेलिस्ट लावली. ठेक्यावर पावलं टाकली की चढ खरंच सोपा होतो, हे मी आजही नाकारणार नाही.

कॉलेजात असताना मी ट्रेकला रेडिओ ऐकायचो. तेव्हाच्या फोनला हेडफोनची वायरच अँटेना म्हणून लागायची. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. त्यामुळे धारेवर पुण्याची बाजू उघडी असेपर्यंत निवेदिका स्वच्छ बोलायची आणि पलीकडच्या उतारावर गेलं की नुसती खरखर. मध्ये डोंगर आला, हे कानांना कळायचं. डाउनलोड केलेल्या गाण्यांना डोंगर कळत नाही. त्यात माझे नवे इअरबड्स नॉइज कॅन्सलेशनवाले. आतला माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडली जाते. सततचा एकसुरी घोंगाट त्यात बराच विरतो. अचानक आलेली हाक तितकी विरत नाही, पण उरलेलं काम गाणं करतं.

बुधल्याच्या अलीकडे घसाऱ्यावर मित्राचा पाय मुरगळला. त्याने हाका मारल्या. मी वीसेक मिनिटं पुढे चालत राहिलो. पाणी प्यायला थांबलो तेव्हा तो मागे नाही हे लक्षात आलं. परत आलो, तर तो दगडावर बसलेला आणि एक धनगर मामा त्याच्या घोट्याला फडकं बांधत होते. मामांच्या गळ्यात छोटा रेडिओ अडकवलेला होता आणि तो चांगला मोठ्याने वाजत होता. ते पलीकडच्या सोंडेवर गुरांमागे होते. तिथून त्यांना हाक ऐकू आली होती.

माझ्या कानाकडे बघून त्यांनी विचारलं, "ऐकायचं मशिन हाय व्हय?"

"न ऐकायचं आहे, मामा," मित्र म्हणाला. दुखत असूनही तो हसला. मला हसता आलं नाही.

माझ्या कानात काही नसतं, तरी त्याचा पाय घसरलाच असता. हा युक्तिवाद मी स्वतःशी बऱ्याचदा केला आहे, आणि तो बरोबरही आहे. पण तो पडला याची टोचणी मला नाहीच. त्याने नावाने हाक मारली तेव्हा मी पन्नास-साठ पावलांवर होतो आणि तरी तिथे नव्हतो. 'कुणाला त्रास नाही' हे माझं कलम त्या वीस मिनिटांतही मी शंभर टक्के पाळत होतो. मामांचा रेडिओ अख्ख्या सोंडेला ऐकू जात होता. पण त्यांचे कान उघडे होते.

याचा अर्थ स्पीकरवाल्यांची बाजू घ्यायची असा नाही. त्यांच्या दणदणाटात हाक काय, वीज पडली तरी कळायची नाही. पण 'डोंगरात फक्त शांतता ऐका' म्हणणाऱ्यांचंही मला पटेनासं झालंय. ती आपली शनिवार-रविवारची शांतता. मामा रोज तिथेच असतात, त्यांना रेडिओची सोबत लागते. आणि चालताना गाणं नको, असं आपल्याकडे कधी होतं? आळंदीहून पंढरपूरपर्यंत दिंड्या टाळ-मृदंगावरच चालतात. तिथे मागचा थकला तर पुढच्याला कळतं, कारण गाणं दोघांचं एकच असतं. माझी प्लेलिस्ट फक्त माझी होती. अर्थात, एकट्याने ऐकण्यात काही गैर आहे असंही मला म्हणवत नाही. लोकलमध्ये, ऑफिसात मी रोज तेच करतो आणि करत राहीन.

त्या ट्रेकनंतर मी डोंगरात एकच कान भरतो. हा तोडगा अर्धवट आहे, मला माहीत आहे. डिसेंबरात हरिश्चंद्रगडाला गेलो तेव्हा मित्राने माझा तो एक इअरबड पाहिला आणि मला मागे जायला सांगितलं.

"तू मागून ये," तो म्हणाला. "पडलास तर मला ऐकू येईल."