न ऐकू येण्याचा पुरावा

एखादी वस्तू आपणांस दिसली नाही, किंवा एखादा शब्द आपल्या कानी पडला नाही, एवढ्यावरून ती वस्तू वा तो शब्द नाहीच, असे म्हणण्याचा अधिकार मनुष्यास केव्हा प्राप्त होतो? आपल्या दर्शनकारांनी या प्रश्नाचा ऊहापोह फार बारकाईने केलेला आहे. कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त यांनी 'अनुपलब्धि' हे एक स्वतंत्र प्रमाण मानले. समोरच्या जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही, हे ज्ञान या प्रमाणाने होते. परंतु त्यास एक अट आहे. खोलीत काळोख असता घट दिसला नाही, तर त्या न दिसण्याने काहीच सिद्ध होत नाही. घट असता तर तो दिसलाच असता, अशी सर्व सामग्री जेथे सज्ज आहे, तेथीलच न दिसणे हा पुरावा होय. यास 'योग्यानुपलब्धि' असे नाव आहे. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, असे म्हणणारांस उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त याच अटीच्या बळावर उत्तर दिले. इतक्या उंचीवरचा हा विचार आम्ही आज एका अगदी क्षुद्र वस्तूला लावून पाहणार आहो. वस्तू क्षुद्र असली तरी ती हल्ली घरोघरी आहे. आणि न्यायबुद्धीची खरी परीक्षा बहुधा अशा क्षुद्र प्रसंगीच होते, असे आमचे मत आहे.

ही वस्तू म्हणजे कानांत घालावयाचे बिनतारी इअरबड. गाणे किंवा व्याख्यान ऐकता ऐकता जोडीतील एक बाजू एकाएकी मुकी होते, हा अनुभव पुष्कळांस आहे. अशा वेळी तोंडून प्रथम निघणारा शब्द म्हणजे 'बिघडला!' आणि त्याच्या पाठोपाठ निघणारे वाक्य म्हणजे 'टाकून द्या, नवा जोड घ्या.' आरोप, चौकशी आणि शिक्षा ही तिन्ही येथे एका श्वासात उरकली जातात. वस्तुतः आपणांस ठाऊक झालेले असते ते एवढेच की, एका कानास आवाज ऐकू आला नाही. तो आवाज निघालाच नाही, की निघून वाटेत हरवला, की दारापर्यंत येऊन अडला, की आत येऊनही कोणी तो घेतला नाही, यांपैकी काहीच ठरलेले नसते.

ही वाट किती लांब आहे ते पाहण्यासारखे आहे. मोबाइलमधून निघालेला ध्वनी ब्लूटूथ नावाच्या लहरींवर बसून येतो. दहाव्या शतकात डेन्मार्कच्या ज्या हॅरल्ड राजाने विखुरलेली राज्ये एकत्र आणली, त्याच्या टोपणनावावरून या योजनेस १९९०-२००० या दशकाच्या अखेरीस हे नाव मिळाले. तिची मूळची ध्वनिपद्धती एका यंत्राकडून एकाच यंत्राकडे ध्वनी नेण्याची होती. दोन कानांत दोन सुटी यंत्रे आली तेव्हा पंचाईत पडली. म्हणून पुष्कळ जोडांत अशी युक्ती करण्यात आली की, मोबाइलने एकाच इअरबडशी बोलावे आणि त्याने आपल्या जोडीदाराचा वाटा पुढे पोहोचवावा. या दोघांच्या मध्ये मनुष्याचे मस्तक असते, आणि शरीरातील पाणी या लहरी बऱ्याच अंशी शोषून घेते. तेव्हा दोन्ही इअरबड धडधाकट असूनही त्यांचा परस्परांतील संबंध तुटल्यामुळे एक बाजू मुकी पडणे अगदी संभवनीय आहे. दोन्ही कानांस स्वतंत्र प्रवाह पाठविण्याची सोय ब्लूटूथच्या ५.२ या आवृत्तीने करून दिली. तथापि जुन्या रीतीचे जोड अजून असंख्य लोकांच्या कानांत आहेत.

आता चौकशीचा क्रम पाहू. प्रथम उगमाकडे जावे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी या सदराखाली डाव्या-उजव्या आवाजाचा तोल राखणारी एक पट्टी असते. ती एका टोकास सरकलेली असली तर दुसरी बाजू निर्दोष असूनही गप्प राहणार. शिवाय काही ध्वनिमुद्रणांत एखादे वाद्य मुद्दाम एकाच बाजूस ठेविलेले असते. तेही मुकेपणाचा आभास उत्पन्न करते. याची शहानिशा करावयाची असेल तर बालगंधर्वांची किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी लावावी. त्या काळच्या विकाऊ तबकड्यांत डावे-उजवे असा भेद नव्हता; त्यामुळे ती दोन्ही कानांस सारखीच ऐकू आली पाहिजे. न आल्यास ध्वनिमुद्रण निर्दोष ठरले, आणि आपण एक पाऊल पुढे गेलो.

नंतर संबंधाकडे वळावे. मोबाइलच्या यादीतून त्या जोडाचे नाव काढून टाकावे, दोन्ही इअरबड डबीत ठेवून कर्त्याने सांगितलेल्या रीतीने रीसेट करावे आणि नव्याने जोडणी करावी. तुटलेला संबंध पुष्कळदा एवढ्यानेच जुळतो. त्यापुढे अन्नाकडे पाहावे. डबीतील धातूच्या बारीक टोकांवर मळ बसला असेल, तर एक इअरबड रात्रभर डबीत राहूनही उपाशीच उठतो. कोरड्या मऊ कापडाने ती टोके पुसणे हे काम मिनिटाचे आहे. शेवटी दाराकडे यावे. ध्वनी जेथून बाहेर पडतो त्या जाळीवर कानातील मळाचा थर साचतो. तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशाने ती हलकेच झाडावी. टाचणी खुपसू नये आणि पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण त्याने जाळी फाटते किंवा मळ अधिकच आत जातो. आणि येथे एक मौज आहे. हा मळ आपल्याच कानातला! ज्या गुन्ह्याबद्दल आपण वस्तूस सुळावर चढवावयास निघालो होतो, त्याचा मुद्देमाल आपल्याच घरी सापडला. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

या सर्व उपायांत एक समान गुण आहे. यांतील प्रत्येक उपाय स्वस्त आहे, आणि त्याने काही बिघडले तर ते पूर्ववत करता येते. वस्तू टाकून देणे हा उपाय मात्र परत फिरविता येत नाही. ज्या निकालावर अपील नाही तो निकाल सर्वांच्या शेवटी द्यावा, हे तत्त्व न्यायमंदिरात जितके आवश्यक तितकेच घरातही आवश्यक आहे.

परंतु चौकशीतील सर्वांत महत्त्वाची पायरी आम्ही राखून ठेविली आहे. ती म्हणजे जागा बदलून पाहणे. मुका वाटणारा इअरबड दुसऱ्या कानाशी धरावा. मौन त्याच्याबरोबर दुसऱ्या कानाकडे गेले, तर दोष त्या बाजूस येणाऱ्या आवाजाच्या वाटेत किंवा त्या यंत्रात. मौन पहिल्या कानापाशीच राहिले आणि तेथे बोलका इअरबडही मुका झाला, तर दोष यंत्रात नाहीच. तो कानात आहे. आपले नैयायिक ज्यास अन्वयव्यतिरेक म्हणतात तो हाच. आणि जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारणशोधाच्या ज्या रीती सांगितल्या, त्यांतही हिचे स्थान मोठे आहे.

येथे आमचा विषय क्षुद्र राहत नाही. एका कानाचे श्रवण काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी नाहीसे व्हावे असा एक विकार आहे. तो बहुधा एकाच बाजूस होतो, आणि टेलिफोन कानास लावल्यावाचून पुष्कळांस त्याचा पत्ताही लागत नाही, कारण दुसरा कान त्याचे काम सांभाळून घेतो. या विकारावरील औषधाचा खरा उपयोग लवकर, म्हणजे पहिल्या एक-दोन आठवड्यांत घेतल्यास होतो. पुढे त्याचा गुण येण्याची आशा कमी कमी होत जाते. अशा मनुष्याने इअरबडास दोष देऊन नवा जोड मागवावा, तो येईपर्यंत वाट पाहावी, आल्यावर त्यासही दोष द्यावा, आणि या घोळात ते दिवस निघून जावे, यापरती हानी कोणती? जागा बदलून पाहण्यास अर्धे मिनिट लागले असते. अर्थात, एकाएकी न ऐकू येण्याचे कारण कानात साचलेला मळ हेही असू शकते. पण तो निर्णय घरी बसून करावयाचा नसून त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन करून घ्यावयाचा असतो.

आणि याहून व्यापक अशी एक गोष्ट आहे. आपल्या घरातील कोणी आजी, कोणी काका, एका बाजूने हाक मारली असता ओ देत नाहीत. आपण म्हणतो, 'त्यांचे लक्ष नसते', 'त्यांना हवे तेवढेच ऐकू येते'. शाळेत मागच्या बाकावर बसलेला मुलगा उत्तर देत नाही. तो मठ्ठ ठरतो. सासरी आलेली मुलगी गप्प असते; ती गर्विष्ठ ठरते. उत्तर आले नाही, एवढाच येथे पुरावा असतो. आपली हाक त्यांच्यापर्यंत पोहोचली काय, वाटेत कोणता मळ होता, तोलाची पट्टी आपणच कोणत्या टोकास सरकवून ठेविली होती, याची चौकशी झालेली नसते. दुसऱ्याचे मौन ही योग्यानुपलब्धि आहे, हे सिद्ध करण्याचा भार मौन धरणारावर नसून निकाल देणारावर असतो. एकदा दुसऱ्या बाजूस जाऊन हाक मारून पाहावी, एवढीही तसदी न घेता आपण माणसांविषयी जन्माची मते बनवितो. हलक्या कानाचा मनुष्य ऐकलेल्यावर फाजील विश्वास ठेवितो, म्हणून आपण त्यास नावे ठेवितो. न ऐकलेल्यावर फाजील विश्वास ठेवणारा त्याहून कमी दोषी आहे, असे आम्हांस वाटत नाही.

यावर कोणी व्यवहारी गृहस्थ म्हणतील, 'माणसांचे ठीक आहे. पण हजार-दीड हजार रुपयांच्या वस्तूकरिता एवढा खटाटोप कशास? आमच्या वेळेसही किंमत आहे.' हा आक्षेप खोटा नाही, परंतु त्यात हिशेब अपुरा आहे. वर सांगितलेल्या सर्व पायऱ्यांस मिळून पाऊण तासही लागत नाही. उलट, फेकलेली वस्तू कोठेतरी जातेच. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद अवघ्या २२.३ टक्क्यांची आहे. इअरबडात चिमुकली का होईना, लिथियमची बॅटरी असते. ती कचऱ्याच्या गाडीत चिरडली गेल्यास पेट घेऊ शकते. आपण निकाल दिला आणि मोकळे झालो, पण शिक्षा भोगणारा कोणी तिसराच असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चौकशी करूनही दोष यंत्राच्या पोटात निघाला, बॅटरीच थकली, तर पुढे काय? येथे मात्र केवळ वापरणारास उपदेश करून भागणार नाही. पुष्कळ इअरबड डिंकाने असे चिकटवून बंद केलेले असतात की, ते फोडल्यावाचून उघडत नाहीत. २०१६ साली आलेल्या ॲपलच्या एअरपॉड्सना आयफिक्सिट या दुरुस्तीविषयक संस्थेने दुरुस्तीयोग्यतेबद्दल दहांपैकी शून्य गुण दिले होते. अशा वस्तूस मृत्युदंड कारखान्यातच ठोठावलेला असतो. वापरणारा फक्त त्याची तारीख वाचतो. तसे करणे अपरिहार्य आहे, हेही खरे नाही. फेअरफोन या डच कंपनीने २०२४ साली असा जोड विक्रीस काढला की, ज्याच्या दोन्ही इअरबडांतील व डबीतील बॅटऱ्या बदलता येतात. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या बॅटरीविषयक कायद्यान्वये, लहान उपकरणांतील बॅटऱ्या सामान्यतः वापरणारास स्वतः बदलता याव्यात, हे बंधन फेब्रुवारी २०२७ पासूनचे ठरविले. आपल्याकडील २०२२ च्या ई-कचरा नियमांनीही, १ एप्रिल २०२३ पासून, वस्तूच्या अंतानंतरच्या व्यवस्थेचा भार उत्पादकावर टाकला आहे. चौकशीत निरपराध ठरलेल्यास सुटण्याची वाटच ठेवावयाची नसेल, तर चौकशी हे एक सोंग होईल. म्हणून वस्तू विकत घेतानाच 'ही उघडते काय, हिचा एकच इअरबड सुटा मिळतो काय' हे दुकानदारास विचारणे हाही न्यायबुद्धीचाच भाग आहे.

आणि सर्व वाटा तपासून झाल्यावर वस्तू खरोखरीच निकामी ठरली, तर ती निकामी आहे असे म्हणावे; त्यात संकोच नको. योग्यानुपलब्धि सिद्ध झाल्यावर 'नाही' म्हणणे हे ज्ञानच होय, आणि मृत वस्तूस उराशी कवटाळून बसणे म्हणजे विवेक नव्हे. मग ती अधिकृत संकलन केंद्रावर पोहोचती करावी, आणि चालू असलेल्या एका बाजूवर व्याख्याने ऐकावयाची असतील तर मोबाइलमध्ये 'मोनो' ही सोय सुरू करावी, म्हणजे दोन्ही बाजूंचा ध्वनी एकीतच येतो. ही सोय मुळात एकाच कानाने ऐकणाऱ्या माणसांकरिता करण्यात आली. त्यांचा दुसरा कान का ऐकत नाही, याचा दोष कोणाच्याही माथी न मारता, जे ऐकू येते त्यात सर्व काही यावे अशी व्यवस्था कोणीतरी केली. घरातल्या माणसांसंबंधाने एवढी व्यवस्था आपण करू शकलो, तरी आमच्या मते पुष्कळ झाले.